बोटीची मागची कड

ईशा आणि अर्णव,

गेल्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुमच्या बाबांच्या मित्राने आपल्याला त्याच्या मोटरबोटीतून तळ्यावर फिरवून आणलं. बाकीचे सगळे फोटो काढण्यात दंग होते आणि मी मागे वळून बोटीमागच्या पाण्याकडे पाहत बसले होते. थोड्या वेळाने मी त्या मित्राला म्हटलं, "ती बर्फाची पेटी मागून उचलून पुढे ठेवा. ही दोन मुलंही पुढे बसवा. तुमच्या बोटीचं बूड जड झालंय." पेटी पुढे गेली, तुम्ही पुढे गेलात आणि आकाशाकडे बघत चाललेलं बोटीचं नाक खाली आलं. अर्णवने विचारलं, "आजी, तुला कसं कळलं?" तुमची आई म्हणाली, "आजीचं कामच होतं ते." तुम्ही दोघं इतके हसलात की पुढे काही सांगायची सोय उरली नाही.

आता आमच्या कॉलनीच्या मंडळाने दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाविषयी लिहा' असा आग्रह धरला आहे. त्या निमित्ताने तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिते. आई वाचून दाखवेल. ती मध्येच गाळेल, तर तिला थांबवा.

नाशिकला समुद्र नाही. गोदावरी आहे, पण ती उन्हाळ्यात चालत ओलांडावी अशी. मग इथे बोटींचं काम कुठून आलं? ते धरणांमुळे. नाशिकच्या चहूबाजूंना धरणं आहेत, आणि धरण आलं की पाण्यावर फिरायला बोट लागते. सत्तरच्या दशकात माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे तुमच्या वसंतआजोबांनी, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फायबरग्लासचा छोटा कारखाना काढला. पाण्याच्या टाक्या, छपराचे पत्रे असा माल निघायचा. रेझिनच्या डब्यांवरच्या सूचना इंग्रजीत असत आणि भाऊजींचं इंग्रजी 'थँक यू'च्या पुढे जायला कां कूं करायचं. मी कॉलेजात इंग्रजीतून पदार्थविज्ञान शिकले होते. "वहिनी, दुपारी येऊन जरा वाचून दाखवाल का?" असं त्यांनी विचारलं. मी गेले, आणि सुरी, कात्री, करवत सगळं जागच्या जागी लावून मगच वाचायला बसले. त्यानंतर त्यांनी मला घरी जाऊ दिलं नाही, असं म्हणायला हरकत नाही. कारखाना बंद होईपर्यंत मी तिथेच होते.

पहिली बोट आमच्याकडे आली ती तळाला भोक पडलं म्हणून. भोक बुजलं. मग बोलवा पसरली की सातपुरात बोटी दुरुस्त होतात. त्या काळात जुन्या बोटींना नवी, दांडगी इंजिनं बसवायची हौस सुरू झाली होती आणि त्यातूनच आमचा खरा धंदा उभा राहिला.

तो तुम्हाला समजावून सांगते, सोपा आहे. हळू चालणारी बोट पाण्यात बसलेली असते आणि पाणी बाजूला सारत जाते. म्हशीसारखी. वेग वाढला की मात्र बोट पाण्यातून वर उचलली जाते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत पळते. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो ना, तशी. जुन्या बोटी म्हशीच्या चालीसाठी घडवलेल्या. त्यांना दुप्पट ताकदीचं इंजिन लावून घोड्यासारखं पळ म्हटलं, तर त्या बिचाऱ्या बिथरतात. कुणी नाक वरखाली आपटत उड्या मारते, कुणी दोन्ही अंगांवर झुलते, कुणी वळणावर बूड टाकून भलतीकडेच घसरते. आम्ही त्यांचे तळ बदलायचो. कुठे सपाट करायचो, कुठे तळाखाली लांब तिकोनी पट्ट्या बसवायचो म्हणजे वळणावर पाण्यात पकड मिळते. कुठे पेट्रोलची टाकी मागून पुढे न्यायची. तोल, तळ आणि कड, एवढ्याच तीन गोष्टींत आमचं सगळं शास्त्र मावायचं.

गिऱ्हाइकांचे नमुने विचारू नका. विंचूरकडचे कांद्याचे एक व्यापारी होते. त्यांनी मुंबईहून जुनी बोट आणली, तिला लाल पट्टे मारले आणि तक्रार घेऊन आले, "बाई, बोट एका अंगावर चालती. मुळातच वाकडी असंल." आम्ही बोट तपासली, सरळ होती. मग भाऊजी त्यांच्याबरोबर फेरी मारायला गेले आणि परत येऊन मला हळूच म्हणाले, "वहिनी, बोटीला काही झालेलं नाही. शेठ डावीकडे बसतात." शेठ अंगापिंडाने भरभक्कम होते. हे त्यांना सांगणार कोण? शेवटी मीच म्हटलं, "शेठ, मालकाने मधोमध बसायचं असतं, तरच शोभतं." ते खूश होऊन गेले. बोटही सरळ चालली.

पण मला सांगायचंय ते कोंडाजींविषयी.

शहरापासून जवळच्या एका धरणावर (नाव लिहीत नाही, त्यांची मुलं-नातवंडं अजून त्या भागात आहेत) कोंडाजी बोट चालवत. प्लायवुडची निळी बोट. अधिकाऱ्यांना पलीकडे नेणं, पाण्याची पातळी मोजायला माणसं नेणं ही कामं. पण गावात त्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. सुट्टीच्या दिवशी सहलीला आलेली पोरं पाण्यात उतरत, बुडू लागत, आणि कोंडाजी बोट घेऊन धावत. किती जणांना त्यांनी ओढून काढलं ते त्यांनी कधी मोजलं नाही. जे हाती लागले नाहीत त्यांच्याविषयी मात्र ते बोलत.

अशाच कामासाठी बोट वेगवान हवी, म्हणून पाटबंधारे खात्याने तिला नवं इंजिन दिलं. चांगल्या हेतूनेच दिलं. इंजिन आलं आणि बोट उड्या मारायला लागली. एका सकाळी कोंडाजी एका तरुण ओव्हरसियरला घेऊन निघाले होते. वेगात असताना बोटीने नाक उचलून आपटलं, वळताना बूड घसरलं आणि ओव्हरसियर बाहेर फेकला गेला. कोंडाजींनीच उडी मारून त्याला काढलं. त्याचा हात मोडला, बाकी निभावलं. पण खात्याच्या तिथल्या साहेबांनी ठरवून टाकलं, म्हातारा थकला, हात थरथरतात. कोंडाजींना बोटीवरून काढून विश्रामगृहाच्या बागेत गवत उपटायला बसवलं. नवा चालवणारा आला, पण तो बोट वेगात न्यायलाच तयार होईना. म्हणजे बोट होती, इंजिन होतं, आणि बुडणाऱ्यापर्यंत पोचणारं कुणी नव्हतं.

होळी नुकतीच झाली होती, तेव्हा साहेबांनी ती बोट आमच्याकडे पाठवली. "हिच्यात काही दोष नाही असं लिहून द्या, म्हणजे तो विषय मिटला," असं ते भाऊजींना म्हणाले. भाऊजी म्हणाले, "तपासून जे असेल ते लिहू." बोटीबरोबर ट्रकमधून कोंडाजीही आले होते. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. रजा टाकून आले होते.

उंच, काटक माणूस. डोक्याला टोपी. मी चहा दिला तर त्यांनी कपाला दोन्ही हात लावले.

"गरम आहे का फार?" मी विचारलं.

"नाय बाई. सांडू नये म्हून."

चहा जराही हलत नव्हता. मी ते पाहिलं आणि त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आता नाय हालत. पर तवा हालला आसंल. मलाच कळंना. इतकी वर्सं बोट चालवली, ती कधी माझ्या हाताबाहीर गेली नाय. मंग आताच का गेली? हातच गेला म्हनायचा."

त्या दिवशी मला कळलं की साहेबांचं म्हणणं कोंडाजींना स्वतःलाच पटलं होतं. बोट दुरुस्त करणं सोपं होतं. या माणसाला त्याचे हात परत मिळवून देणं हे खरं काम होतं.

आमच्याकडे मालेगावचे रशीदभाई मिस्त्री होते. पूर्वी ते यंत्रमागांचं लाकूडकाम करायचे. आम्ही आधी सोप्या गोष्टी केल्या. पेट्रोलची टाकी पुढे नेली, बॅटरी पुढे नेली, इंजिनाचा कोन बदलला. पाण्यावर नेऊन पाहिलं. उड्या थोड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग बोट परत आणून उलटी केली आणि मी तळावर मागच्या बाजूला लांब ॲल्युमिनियमची पट्टी आडवी नाही, उभी, नाकाकडून बुडाकडे ठेवली. तिथे तळ सरळ असायला हवा. पट्टी टेकून बसायला हवी. ती सी-सॉसारखी डुलली.

"भाभी," रशीदभाई म्हणाले, "हिचं तर पेट निकल आया. शेठसारखं."

आणि तळ जिथे संपतो ती मागची कड? ती सुरीसारखी काटकोनात तीक्ष्ण असायला हवी. ती लाडवासारखी गोल झाली होती. रशीदभाईंनी लाकडी हातोडीने ठोकून पाहिलं. पुढे टणटण वाजलं, मागे थपथप. त्यांनी पटाशी लावली आणि तळावरून एक जाड पापुद्रा निघाला. निळा रंग, त्याखाली लांबी, म्हणजे रंगारी भरतात ती पुट्टी. त्याखाली पुन्हा निळा, पुन्हा लांबी, मग हिरवा, मग लांबी. कांदा सोलावा तसा. एका थरात दाबलेलं काहीतरी पांढरं दिसलं. मी नखाने काढलं. तांदळाचा दाणा होता. दुसऱ्या थरातही दाणे होते, एका ठिकाणी झेंडूची पाकळी, वाळून कागद झालेली.

भाऊजींना आधी हसू आलं. "अहो, या अक्षता आहेत!" ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता तो दाणा जपून बाजूला ठेवला. आम्हा तिघांनाही एकदमच उमगलं.

खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, ड्रायव्हरची गाडी. कोंडाजी दरवर्षी बोट काठावर ओढून घेत, धक्क्याला घासून मागे ओरखडे पडत ते लांबीने भरत, कडा हाताने गोल गुळगुळीत करत, वर रंग देत, आणि तो पुरता वाळायच्या आधीच अक्षता-फुलं वाहत. दरवर्षी. बोट हळू चालत होती तोवर त्याने काही बिघडलं नाही. नवं इंजिन आलं आणि ती माया आडवी आली.

बाहेर कोंडाजी कडुनिंबाखाली बसले होते.

भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगू नका. बोट जुनी झाली म्हणा. म्हातारा मोडून पडेल."

"सांगितलं नाही तर काय होईल?"

"काय होणार? बोट चांगली होईल, ते खूश होतील."

"आणि दसरा आला की पुन्हा लांबी भरतील. दोन-तीन वर्षांत बोट पुन्हा उडी मारेल. तेव्हा कोण पडेल, सांगता येतं का तुम्हाला?"

रशीदभाई म्हणाले, "भाभी बरोबर बोलते. पण प्यार से बोलो."

प्रेमाने सांगायचं म्हणजे कसं, ते मला कळेना. मग मी चहाच्या ट्रेमधला स्टीलचा चमचा घेतला आणि कोंडाजींना नळाशी बोलावलं. मुलांनो, हे तुम्हीही करून बघा. नळाची धार बारीक सोडा. चमचा दांड्याच्या टोकाला अगदी सैल धरून लोंबू द्या, आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावा. वाटतं, पाणी चमच्याला दूर ढकलेल. ते ढकलत नाही, आत ओढून घेतं.

कोंडाजींनी धरून पाहिलं. "आयला! खेचतंय की!" ते म्हणाले. पुन्हा केलं. मग मी त्यांच्या हातात सुरी दिली आणि तिची सपाट बाजू धारेला धरायला सांगितली. पाणी पात्यावरून सरळ उतरलं आणि टोकाशी सुटून गेलं. ओढ नाही, काही नाही.

"बोटीचं बूड या सुरीसारखं हवं," मी म्हटलं. "पाणी कडेशी आलं की सुटलं पाहिजे. तुमच्या बोटीची कड चमच्यासारखी झालीय. पाणी सुटत नाही, कडेला चिकटून वर वळतं आणि बूड खाली ओढतं. बूड खाली गेलं की नाक वर. मग नाक आपटतं. मग पुन्हा ओढतं."

ते बराच वेळ चमचा आणि सुरी आळीपाळीने धारेखाली धरत राहिले. माणूस हुशार होता. मी पुढचं सांगायच्या आधीच त्यांनी उलट्या बोटीकडे पाहिलं, जमिनीवर पडलेल्या निळ्या पापुद्र्यांकडे पाहिलं.

"म्हंजी ह्ये मीच केलं," ते म्हणाले. "दर सालाला. ह्याच हातानं."

"हो."

"मंग सायेब काय खोटं बोलत्यात? हातानंच पाडला मी त्या पोराला."

"कोंडाजी, साहेब म्हणतात तुमचे हात थरथरतात. ती कड बघा. इतकी वर्षं हाताने फिरवलीय आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही वरखाली नाही. थरथरत्या हाताला जमेल का हे? आणि दुप्पट इंजिन बसवताना तळ तपासायला हवा, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. मग रशीदभाईंकडे गेले आणि हात पुढे केला. "मिस्त्री, पटाशी द्या."

"तुम बैठो चाचा, मी करतो."

"मी लावलंय. मीच काढनार."

सगळा रंग त्यांनी स्वतः उतरवला. अक्षतांचे दाणे मात्र वेचून खिशात ठेवत होते. खाली कोरं लाकूड लागलं तेव्हा आम्ही काम हातात घेतलं. काचेचं कापड आणि रेझिन लावून तळ सरळ केला, तळाखाली दोन पट्ट्या बसवल्या, आणि मागची कड अशी केली की रशीदभाई तिच्यावर सुतळी ओढून कापून दाखवायचे.

चाचणीच्या दिवशी साहेब काठावर छत्री घेऊन उभे होते. वाईट माणूस नव्हते ते. त्यांच्या अखत्यारीत एक मुलगा मरता मरता वाचला होता, त्याची धास्ती त्यांनी घेतली होती. कोंडाजी बोटीपाशी आले आणि थांबले.

"बाई, नव्याला चालवू द्या. माझा जीव नाय धजत."

मी लाइफ जॅकेट चढवलं, पदर खोचला आणि जाऊन बसले. ओव्हरसियर बसला होता त्याच जागी, मागे, कडेला.

काठावरून भाऊजी ओरडले, "वहिनी! तुम्हाला पोहता येतं का?"

"नाही!"

"मग उतरा की!"

"कोंडाजी," मी म्हटलं, "मला पोहता येत नाही. घरी दोन मुलं शाळेतून यायची आहेत. तेव्हा नीट चालवा."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. रागही होता त्यात. मग ते चढले, इंजिन सुरू केलं आणि निघालो. आधी म्हशीच्या चालीने. मग त्यांनी वेग दिला. नाक वर आलं, आणि मग नाक हळूच खाली बसलं आणि तिथेच राहिलं. बोट पाण्यावरून अशी चालली जशी इस्त्री कापडावरून. मागे पाहिलं तर पाणी कडेवरून स्वच्छ सुटत होतं, काचेच्या तुकड्यासारखं. अपघात झाला होता त्या वळणाशी आलो. कोंडाजींनी वेग कमी केला नाही. बोट वाकली, पट्ट्यांनी पाणी धरलं आणि ती वळली.

ते मान न वळवता ओरडले, "बाई, पडला नाय ना?"

"अजून तरी नाही!"

मग ते हसले. पाण्यावर फार दूर ऐकू जातं. काठावर साहेबांनी छत्री मिटली, असं भाऊजींनी नंतर सांगितलं.

कोंडाजींना बोटीवर परत घेतलं ते 'तात्पुरतं'. सरकारी भाषेत या शब्दाला अंत नसतो. ते त्या तात्पुरत्या जागेवरूनच निवृत्त झाले. मधल्या वर्षांत त्यांनी आणखी कुणाकुणाला पाण्यातून काढलं, ते भाऊजींच्या कानावर यायचं.

पुढे साच्यातून घडवलेल्या, तळाला मुळातच पट्ट्या असलेल्या बोटी मिळू लागल्या. जुन्यांचे तळ बदलायला कोण येणार? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही पुन्हा टाक्यांवर आलो. मला त्याची खंत आहे, ती लपवत नाही. रोगी बोटीला हात लावून तिचं दुखणं ओळखायची जी सवय बोटांना लागली होती, ती टाकीला लावून काय करायची? रशीदभाई मालेगावला परतले. भाऊजी आता नाहीत.

पण त्या वर्षीच्या खंडेनवमीचं सांगायचं राहिलं. कोंडाजींनी आम्हाला धरणावर बोलावलं होतं. बोट काठावर ओढून घेतलेली. नाकाला झेंडूचा हार, नाकावरच कुंकू, नाकावरच अक्षता. कोंडाजी फुलं वाहत मागे आले, ओंजळ उचलली, आणि कडेपाशी हात तसाच थांबला. मग त्यांनी ती फुलं पुढे नेऊन वाहिली.

"मागं हात लावत नाय मी आता," ते मला म्हणाले.

बोटीसमोर घोंगडीवर हत्यारं मांडली होती. पाना, पक्कड, दोर, वल्हं. रशीदभाईंनी खाली वाकून पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "भाभी, होळीपासून मी शोधतोय."

पान्याच्या शेजारी, धुऊन पुसून, कुंकवाचं बोट लावलेला आमच्या चहाच्या ट्रेमधला चमचा होता.